जावयाचा सर्जा

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. बाकीचे नऊ निदान आकाशात तरी राहतात. हा धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला येऊन पलंगावर बसतो आणि अनारसे खातो. रेणुकादास तसा उपद्रवी ग्रह नव्हता. नांदेडला एका विमा कंपनीच्या कचेरीत काम करायचा, कुणाचं वाईट चिंतायचा नाही. पण लातूरच्या सासुरवाडीत सगळे त्याला इतकं डोक्यावर घ्यायचे, की आपण मुळातच उंच आहोत असं त्याला वाटायला लागलं होतं.

त्याची मेहुणी मनस्विनी कॉलेजात शिकायची आणि मोबाईलवर जनावरांच्या झुंजीचा एक गेम खेळायची. रेणुकादासलाही तोच नाद. दोघांकडे सहा-सहा जनावरं, एका वेळी एकच मैदानात. आपापली चाल दोघांनी एकदमच ठरवायची आणि समोरच्याचा कळप गारद करायचा. रेणुकादासचं लाडकं जनावर म्हणजे बैलासारखं एक दांडगं धूड. गेममधलं नाव जिभेला जड, म्हणून त्यानं त्याचं नाव सर्जा ठेवलं होतं. सर्जाची एक खास चाल होती, शिंगं पाजळण्याची. त्या पाळीला तो कुणाला मारत नाही, नुसता उभा राहून शिंगांना धार लावतो. पण तेवढी एक पाळी निभावली की अंगातलं बळ दुप्पट होतं आणि मग एकेका धडकेत एकेक जनावर आडवं. सगळी गोम त्या एका मोकळ्या पाळीत. समोरचा शहाणा असला तर ती मिळू देत नाही.

मनस्विनीची नेमकी तिथंच चूक व्हायची. ऐन वेळी ती आपलं जनावर उगाच माघारी बोलवायची, नाहीतर भलतीच चाल दाबायची. "चुकलंच की दाजी!" म्हणून कपाळाला हात लावायची. रेणुकादास मिशीतल्या मिशीत हसायचा आणि तिचा अख्खा कळप झोपवायचा. लग्न झाल्यापासून तो तिच्याशी एकदाही हरला नव्हता.

त्या महिन्यात धोंड्याचं जेवण झालं आणि दुपारी मनस्विनीचे दोन मित्र आले, आलोक आणि शिवम. येत्या रविवारी नांदेडला मराठवाड्यातल्या संघांची स्पर्धा होती. तिघांचा एक संघ. जिंकलेल्यांची पुढची फेरी पुण्याला. त्यासाठी मनस्विनीनं उन्हाळाभर दुसरं काही केलं नव्हतं. सराव सुरू व्हायच्या आधी रेणुकादास म्हणाला, "थांबा, आधी माझा एक डाव." आणि मित्रांच्या देखत त्यानं तिला धूळ चारली. सर्जानं तिची सहाही जनावरं एका दमात झोपवली.

"एवढी कच्ची राहिलीस तर नांदेडला कशी तरशील?" तो म्हणाला. मग, अनारसे अंगी लागले होते म्हणा, किंवा सासुरवाडीची हवा, त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या जागी मीच खेळतो. मी तर तिथलाच."

तो अर्धा थट्टेनंच बोलला होता. पण आतून सासूबाई, उज्वलाबाई, म्हणाल्या, "हाव, दाजींनाच जाऊ दे मनी. त्यांचा शब्द मोडू नये."

मनस्विनीनं फरशीकडे पाहिलं. "खेळा की दाजी," ती म्हणाली.

आलोकनं तोंड उघडलं, तशी तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. रेणुकादासनं ते पाहिलं आणि पोरगं आपला खेळ पाहून गार झालं, असा अर्थ काढला. आयत्या बिळावर नागोबा जाऊन बसतो, तेव्हा ते बीळ कुणी खणलं याची चौकशी तो करत नाही.

धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, म्हणून स्पर्धेला नांदेडचं एक मंगल कार्यालय मिळालं होतं. शेवटचा डाव स्टेजवर, नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्यांवर बसून खेळायचा होता. आलोक जिंकला, शिवम हरला, आणि सगळी मदार रेणुकादासवर आली. समोरच्या खुर्चीत देगलूरची सृष्टी नावाची एक मुलगी होती, जेमतेम मनस्विनीच्याच वयाची.

त्यानं पहिल्याच पाळीला सर्जा काढला आणि शिंगं पाजळायला लावली. सृष्टीच्या किरकोळ दिसणाऱ्या कोल्हीनं नुसती फुंकर मारली. सर्जाच्या अंगाला चटका बसला. या गेममध्ये भाजलेल्या जनावराचं अंगबळ निम्मं होतं. म्हणजे पाजळून मिळालं ते जाळून गेलं. रेणुकादासनं पुन्हा शिंगं पाजळली. आता ही चुकेल, आपलं जनावर माघारी बोलवेल, म्हणून तो वाट पाहत राहिला. समोरची मुलगी चुकते, हाच तर त्याच्या खेळाचा पाया होता. सृष्टीनं कोल्ही माघारी बोलावली खरी, पण तिच्या जागी आलेल्या जनावरानं सर्जा काही करायच्या आत एक डरकाळी फोडली. सर्जा मैदानाबाहेर पळाला, आणि मैदान सोडलं की धार उतरते, तशी त्याची सगळी धार वाया गेली. पुढं जे झालं ते बघायला लोक उठून पुढं आले होते.

हात मिळवताना सृष्टीनं अगदी साधेपणानं विचारलं, "काका, तुमचा बैल आधीच का काढला? आधी माझी कोल्ही मारायची की."

बाहेर मांडवाच्या सावलीत पाण्याचे जार ठेवले होते. तिथं रेणुकादास म्हणाला, "असली कोल्ही कधी पाहिलीच नव्हती रे मी."

आलोकचा बांध फुटला. "मनीकडं पण हाय ती. आम्हाला रोज जाळून राहिली. लई डेंजर खेळते. तुम्हालाच तेवढी दाखवत न्हाई."

"का?"

"जावयाला हरवायचं न्हाई, असं काकूंनी बजावलंय तिला. मी बोलणार होतो, तिनं शपथ घातली."

पोरं बसनं लातूरला गेली. रेणुकादास स्कूटरवर घरी निघाला आणि त्याला वाटलं, रस्त्यातला प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय. हरल्याचं एवढं नव्हतं. तिला चारचौघांत कच्ची म्हणालो, हे आठवलं की त्याचे कान तापायचे. तिच्या घरी, तिच्या मित्रांच्या देखत, तिनं मुकाट दिलेला विजय तिच्याच तोंडावर मारून तिची जागा घेतली.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं बायकोला विचारलं.

विशाखा कपड्यांच्या घड्या घालत होती. "सगळ्यांनाच ठाऊक होतं," ती म्हणाली. "बाबासुद्धा कॅरममध्ये तुमच्याशी मुद्दामच हरतात. तुम्हाला आनंद होतो म्हणून बोलले नाही."

मग आठवडाभर कचेरीत बसून त्यानं एक बेत रचला. आपण मनस्विनीशी हरायचं, तेही सासूबाईंच्या देखत. मग आपण मोकळे.

रविवारी तो लातूरला गेला. "माझ्यामुळं तुमचा संघ गेला," तो मनस्विनीला म्हणाला. "चूक माझी आहे. पण आज एक डाव खेळ. खरा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "खरा?"

"अगदी खरा."

ती पुढं सरसावून बसली, केस मागं बांधले. असं बसलेलं त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच पाळीला तिनं कोल्ही काढली. रेणुकादासनं समोर त्याचं सगळ्यात मरतुकडं जनावर सोडलं. मग भलतीच चाल दाबली. मग दुसरी. तिची बोटं हळूहळू संथ झाली, पण त्याचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. त्याचं शेवटचं जनावर पडलं तसा तो जवळजवळ ओरडलाच, "आई, मनी जिंकली! माझ्यापेक्षा कितीतरी भारी खेळते ही." छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं.

उज्वलाबाई हात पुसत बाहेर आल्या. "अगं, दाजींना हरवलंस?"

"मी न्हाई हरवलं," मनस्विनी म्हणाली. तिनं मोबाईल पालथा ठेवला. "तेच हरले."

"मनी, अगं मी..."

"मी मुद्दाम हरायचे ते आईनं सांगितलं म्हणून. तुम्हाला हरायला कुणी सांगितलं होतं, दाजी?" तिचा आवाज चढला नाही. "नांदेडची जागा गेली, ते मी गिळलं. पण आज पहिल्यांदा तुम्ही मला खरं खेळ म्हणालात. मी खरंच खेळत होते हो."

ती उठून आत गेली. "मनावर घेऊ नका, पोर आहे," उज्वलाबाई गडबडून म्हणाल्या आणि चहा टाकायला वळल्या. रेणुकादासला तिला हाक मारायची होती. पण कुठल्या तोंडानं मारणार?