फोडलेलं पत्र

या, असे जवळ सरकून बसा, मागं कोपऱ्यात नको. एक गोष्ट ऐकवतो. देवाच्या दारात घडलेली आहे, पण गोड नाही, तिच्यात राग आहे. खऱ्या रागाचं देवाला वावडं नसतं.

वालूरचा बन्सीधर म्हणजे चार एकरांचा कास्तकार. गळा गोड, मन त्याहून मऊ. हनुमान जयंतीच्या सप्त्यात दुपारचा वीणेचा पहारा वर्षानुवर्षं त्याचा. वीणा गळ्यात घालून उभं राहायचं, नाम घेत राहायचं. पहारा संपला की ती पुढच्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पायाला हात लावायचा. सप्ता उठेपर्यंत वीणा भुईला टेकवायची नाही आणि कुणाच्या गळ्यातून ओढून घ्यायची नाही. ज्यानं त्यानं आपणहून द्यायची.

त्याची लेक द्वारका परभणीला कॉलेजात होती, मुलींच्या वसतिगृहात राहायची. नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून मोर्चे निघत, देऊ नका म्हणूनही निघत, आणि गावोगाव माणसं एकमेकांकडे तिरकी बघत. त्या चैत्रात, परीक्षा तोंडावर आलेली असताना, द्वारका पेटी घेऊन एसटीतून उतरली.

"सुट्टी लागली का गं?"

"काढून दिलं, आबा."

झालं होतं ते असं. वालूरच्याच चांगुणाबाईची मालन औरंगाबादला शिकत होती. ती आणि द्वारका पहिलीपासून एका बाकावरच्या. मालननं द्वारकेला वसतिगृहाच्या पत्त्यावर पत्र घातलं. रेक्टरनं ते फोडलं, वाचलं आणि द्वारकेपुढं कागद सरकवला: या मुलीशी पत्रव्यवहार ठेवणार नाही, कर सही. तिनं केली नाही. मग खोली रिकामी कर म्हणाले. सकाळचा पेपर वालूरहून गाठणं होणारं नव्हतं. म्हणजे पोरीचं वर्ष गेल्यातच जमा. आणि हे रेक्टर कोणी परके नव्हते, गावचेच दिनकरराव.

बन्सीधर आधी बाप होता. म्हणाला, "करून टाकायची सही, बाई. कागदच तो. मालन गावात आल्यावर भेटतीच की."

द्वारकेनं तांब्या खाली ठेवला. "तुमचं बी पत्र फोडतेत, आबा. समद्या पोरींची फोडतेत. पत्ता वसतिगृहाचा, मंग पत्र बी वसतिगृहाचं, असा नियम हाय म्हणे. संक्रांतीला तुमी लिवलं व्हतं ना, आई तुझं ताट वाढून ठेवती अन् रडती म्हणून? ते जेवायच्या हॉलात वाचून दाखवलं. वर म्हणले, हिचा बाप पत्रातबी कीर्तन करतो."

"मंग?"

"पोरी हासल्या. मी बी हासले. काय करू?"

बायकोचं रडणं बन्सीधरनं लेकीला म्हणून लिहिलं होतं. ते भरल्या ताटांवर चार माणसांत वाटलं गेलं. चोर घरात शिरला तर निदान भांडं नेतो. ह्या माणसानं काय नेलं, ते सांगायला बन्सीधरजवळ शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वीणा घेऊन उभा राहिला. पुढचा पहारा दिनकररावांचा असायचा. त्यासाठी ते दरसाल परभणीहून येत, गाव त्यांचं कौतुक करी. ते आले, हातपाय धुतले, बुक्का लावला आणि वीणेसाठी हात पुढं केले. बन्सीधरनं मान वाकवली नाही.

"द्या, बन्सीधरराव. वेळ झाली."

"देतो. आदी एक सांगा, रावसायेब. माझ्या लेकीच्या नावानं आलेलं पत्र कुणाचं?"

दिनकररावांचा चेहरा उतरला, पण ते सावरले. "इथं तो विषय नको. वसतिगृहाला शिस्त असते."

"शिस्तीनंच इचारायलोय. माझं नाव पाकिटावर, तिचं नाव पाकिटावर. तुमचं कुठं हाय?"

सप्त्याचे कारभारी माणिकराव उठले. "बन्सी, पारावरची भांडणं हितं आणू नको. आण ती वीणा, मी घेतो."

"घ्या की, माणिकदादा. पण उद्या यांच्या गळ्यात घालायची तर मला पहाऱ्यातून काढा. ज्या हातानं लेकरांची पाकिटं फोडतेत त्या हातात मी देणार न्हाई."

टाळ थांबले. दिनकररावांचा आवाज चढला. "काय लिहिलं होतं ठाऊक आहे का? मोर्चाला जातेय, विद्यापीठाला नाव मिळेस्तोवर गप्प बसायचं नाही, तूही ये. चांगुणाच्या मालनचं पत्र. उद्या तुमची मुलगी रस्त्यावर दिसली असती, तर मलाच बोलला असता."

तेव्हा बायकांतून सुमनबाई उभी राहिली. तिचीही मुलगी त्याच वसतिगृहात. ती खाली बघूनच बोलली.

"भाऊजी, मी पोरीला माझ्या अंगावरच्या दुखण्याचं लिवलं व्हतं. मास्तरणीकडून लिवून घेतलं, घरात मालकालाबी सांगितलं न्हाई. ते बी वाचलं?"

दिनकररावांनी नजर वळवली. सुमनबाईनं पदर तोंडावर घेतला. मांडवात एकही बाई मग त्यांच्याकडे बघेना. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "वाचलंय गं बाई. तोंडच सांगतंय."

बन्सीधर वीणा घेऊन तसाच उभा होता. शेवटी दिनकररावांनी हात मागं घेतले. "द्वारकेला उद्या पाठवा. सही नको. अडवून ठेवलेली पत्रं देऊन टाकतो."

"अन् फोडायचं?"

"नियम माझ्या एकट्याचा नाही."

"फोडणारा हात तर एकट्याचा हाय ना?"

वीणा माणिकरावांनी घेतली. दिनकरराव मागं जाऊन बसले आणि आरतीआधीच उठून गेले.

द्वारका गेली, परीक्षेला बसली. तिला पत्रं मिळाली, मालनच्या अक्षरांखाली लाल पेन्सिलीच्या रेघा ओढलेली. सही मागणारा कागद पुन्हा कुणी काढला नाही. पाकिटं मात्र त्यानंतरही काही दिवस फुटलेलीच येत होती, असं ती सांगायची. गावानं बन्सीधरला डोक्यावर घेतलं. म्हणाले, लेकीसाठी बाप असा उभा राहावा.

पण त्या दुपारी मांडवाबाहेर, रस्त्याच्या कडेला, चांगुणाबाई गवताचा भारा घेऊन थांबलेली होती. आत ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. लेकीचं पत्र तिथं मोठ्यानं बोललं गेलं, ते तिनं बाहेरून ऐकलं. बन्सीधरला हे संध्याकाळी कळलं. तो तिच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, "चांगुणाबाई, मिटलं. द्वारकेची पत्रं द्यायलेत."

चांगुणाबाई चुलीपुढून उठली नाही. "बरं झालं, दादा. पोरीचं वर्ष वाचलं. पण ते पत्र लिवलं व्हतं माझ्या लेकीनं. तिच्या अक्षराचं कुणी इचारलं का तिथं? तुमी बी तुमच्याच पाकिटाचं बोललात."

बन्सीधर म्हणाला, "खरं हाय." आणि उंबऱ्यावर बसला. तिनं चहा टाकला. तो प्यायला.

ही गोष्ट कुणाला सांगाल तर बन्सीधरचं नाव घ्याच, तो भला माणूस. फक्त तो वीणा घेऊन उभा होता तिथंच थांबू नका. गवताचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्यात उभ्या राहिलेल्या चांगुणाबाईची याद ठेवा.