काम पिनेचं, नाव सुईचं

मी एक जुना कार्ब्युरेटर आहे. मित्रांनो, माझी एका सुईबद्दल तक्रार आहे, तेवढी ऐकून घ्या.

माझं अंग ओतीव जस्ताचं. पोटात पितळी जेट, त्याला बारीक भोक. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवायचं, एवढाच माझा धंदा. १९८३ साली मी कुंभकोणमच्या वासुदेवराव कंपाउंडरांच्या मोटरसायकलवर आलो. जवळच्या साक्कोट्टै गावच्या रोग्यांना सुया टोचायला ते रोज निघत. एकदा वाटेत पेट्रोल संपलं, तर हॉटेलातल्या कॉफीच्या नुसत्या वासावर मी त्यांना घरी आणलं. खोटं वाटत असेल तर हॉटेलवाल्याला विचारा. त्या दिवशी त्याची कॉफी पांचट निघाली.

१९९८ साली मात्र गाडी चार महिने अंगणात पडून राहिली. शिळ्या पेट्रोलचा चिकटा माझ्या जेटमध्ये बसला. किका मारून मारून वासुदेवरावांची चप्पल तुटली, पण माझं पोट कुणी उघडलं नाही.

तेवढ्यात पुतण्या सेतू परदेशी मासिक घेऊन आला. "काका, ही भंगारांत द्या. तिकडे आतां इंजेक्शन आहे. चोक नको, कांही नको. कॉम्प्युटर मोजून पेट्रोल टोचतो."

"टोचतो? मग मी तीस वर्षं काय करतों?"

"काका, तें इंजेक्शन वेगळं."

"सुम्मा, गप्प बैस. आज सुरू नाही जाहली, तर उद्यां भंगारांत."

आणि ते काचेची सिरिंज उकळायला आत गेले. उकळायला, मित्रांनो. मला जंतू होतील म्हणून.

इकडे वेंकटलक्ष्मीकाकू स्टोव्हची पिन घेऊन बाहेर आल्या. सुरीच्या टोकाने त्यांनी माझ्या तळाचे स्क्रू काढले.

"काकू, तो कार्ब्युरेटर आहे."

"असूं दे की. स्टोव्हला भोक, ह्यालाही भोक. भोक तुंबलं कीं जाळ नाही."

पिन फिरवली, फुंकर मारली, स्क्रू आवळले, आणि त्या सांबार बघायला गेल्या.

मग वासुदेवराव आले. माझ्या तोंडाला स्पिरिटचा बोळा फिरवून त्यांनी पाच सीसी पेट्रोल टोचलं. पहिल्या किकेला गाडी सुरू.

"बघितलास? इंजेक्शन."

"काका, काकूंनी पिन..."

"काकूला सुई येते काय?"

भंगार टळलं. पण तेव्हापासून रोज सकाळी आधी स्पिरिट, मग पाच सीसी. ठसका लागून माझा जीव जातो. काकू महिन्यातून एकदा स्टोव्ह साफ करतात, तेव्हा गुपचूप मलाही करतात, म्हणून मी टिकलो.

त्या नव्या इंजेक्टरवर माझा राग नाही. तो नेमकं मोजतो, थंडीत चोक मागत नाही म्हणे. कुंभकोणमात थंडी कुणी पाहिली? पण भोक त्यालाही आहे. ते तुंबलं, तर सुरीच्या टोकाने उघडणार नाही. म्हणून मित्रांनो, यंत्र रुसलं तर आधी त्याचं पोट साफ करा, सुई मागाहून. आणि ते चालू लागलं, तर स्वयंपाकघरात जाऊन एकदा विचारा, पिन कुणाची होती.