नुसतं पाणी

इत्तोच्या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याने, इझेमने, पिसवांपायी मान ओरबाडून रक्तबंबाळ केली होती. शेजारच्या हद्दूचा कुत्रा मात्र उन्हात सुखाने घोरत पडला होता. औषध दोघांनाही तूदाच लावायची. इत्तोची ही भाची मेकनेसच्या कॉलेजातून गावी आली होती, शिबा या डोंगरातल्या कडू झुडपाच्या पाल्याचा अर्क पिसवांवर चालतो का, ते तपासायला.

“तुझं औषध माझ्याच कुत्र्याला का लागू पडत नाही गं?”

“मावशी, इझेमला अर्क लावतच नाही. त्याला नुसतं पाणी. काही कुत्र्यांना पाणीच लावावं लागतं, नाहीतर अर्काने फरक पडला हे कळणार कसं?”

इत्तोच्या अंगाचा तिळपापड झाला. डोंगर चढून तो पाला तिनेच तर खुडून आणला होता!

“म्हणजे माझ्या पाल्याने हद्दूचा कुत्रा घोरणार, आणि माझ्याने नुसतं खाजवत बसायचं?”

उरलेला पाला उकळून, निववून तिने तो इझेमच्या अंगाला खसाखसा चोळला.

“मावशी, माझा प्रयोग बिघडला!”

“बिघडू दे.”

संध्याकाळी इत्तोने सगळ्यांच्या पेल्यांत शिबा घातलेला गोड चहा उंचावरून ओतला. तूदापुढे आदळला तो गरम पाण्याचा पेला.

“पी. कुणालातरी नुसतं पाणी मिळायलाच हवं ना?”