पंधरा मिनिटं पुढे

दुपारी चार ते पाच आमच्याकडे कुणी बेल वाजवायची नाही. गिऱ्हाईक असो नाहीतर माझा सख्खा भाऊ असो, पाचनंतर यायचं. माझं शिवणकाम घरातच चालतं, पुढच्या खोलीत, आणि दारावर मी तशी चिठ्ठीच चिकटवली आहे. कारण चारला ती विलायती मालिका लागते.

मालिका पोलिसांची आहे. आजच्या काळातली एक पोलीस बाई ठाण्याच्या तळघरातल्या पायऱ्यांवरून घसरते, आणि कपडे झटकत वर येते तर ठाणं तेच, पण काळ पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा! टेबलावर टाइपरायटर, सगळ्यांच्या तोंडात सिगारेट, आणि हिला बघून सगळे म्हणतात, "बरं झालं आलीस, चहा टाक." पहिल्याच भागात मी खुळावले. त्यातले कपडे बघा हो! त्या लांब टोकांच्या कॉलर, त्या बेलबॉटम विजारी. असल्या शेकडो विजारी मी शिवल्यात. खालची दुमडसुद्धा तेव्हासारखी दोन बोटांची घेतली आहे, मी पडद्याला नाक लावून खात्री केली. ज्यानं कुणी ते कपडे शिवले, त्याचे हात धरावेसे वाटतात मला.

आमचे हे पोलीस खात्यात एकतीस वर्षं होते. त्यातली बरीचशी ठाण्यातल्या नोंदवहीपुढे गेली. कोण किती वाजता बाहेर पडलं, किती वाजता आलं, कुणाची काय तक्रार, सगळं त्या वहीत. माझा चष्मा सुई ओवण्याचा, त्यानं लांबचं दिसत नाही, म्हणून पडद्याच्या तळाशी येणारी आपल्या भाषेतली वाक्यं हे मला मोठ्यानं वाचून दाखवतात. साहेबाचं घोगऱ्या आवाजात आणि त्या बाईचं बारीक आवाजात. मधूनमधून अक्कल पाजळतात ती वेगळीच. "झडती अशी घेतात का? साक्षीदार कुठायत?"

"अहो, पुढचं वाचा! तिच्यावर सुरा उगारलाय त्यानं!"

"उगारू दे. आधी साक्षीदार."

असं आमचं सुखात चाललं होतं. मग चौदावा भाग आला.

त्या भागात बाई ठाण्यात शिरते, तर भिंतीवरच्या घड्याळाखाली एक स्टूल, आणि स्टुलावर उभा राहून घड्याळवाला तेल घालतोय. काम झाल्यावर तो उतरतो आणि स्टूल तिथंच ठेवून निघून जातो. बस, एवढंच. गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण यांचं वाचन थांबलं.

"अहो, ती काय म्हणाली?"

बघते तर हे पडद्याकडे बोट दाखवत होते.

"स्टूल," हे म्हणाले. "अगं, त्या दिवशी घड्याळाखाली स्टूल होतं. मीच उचलून कोपऱ्यात ठेवलं. वर तेलाचा डाग पडलेला कागद होता. शिपायाला मी ओरडलोसुद्धा."

कुठला दिवस, हे मला विचारावं लागलं नाही. सत्तावीस वर्षं आमच्या घरात 'त्या दिवशी' म्हटलं की एकच दिवस.

यांचा एक जोडीदार होता. सगळे त्याला लंबू म्हणायचे. दोघं एकाच दिवशी भरती झालेले, एकाच डब्यात जेवलेले. त्याच्या मुलीचे फ्रॉक मी शिवायचे. त्या दिवशी लंबूला चार वाजेपर्यंत बाजाराच्या कोपऱ्यावर पहारा होता. तिथल्या एका दुकानात चारला पाच कमी असताना चोरी झाली. चोर मागच्या गल्लीतून आला, मागच्याच दारानं गेला. कोपऱ्यावर उभ्या माणसाला तो दिसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे लंबूवर ठपका यायचं कारण नव्हतं. पण नोंदवहीत यांच्या हातानं लिहिलेलं होतं: तीन पन्नासला ठाण्यात परत. म्हणजे पहारा सोडून आधीच आला! लंबू म्हणत होता, मी चार वाजून पाच मिनिटांनी आलो. चौकशीच्या आधी तो आमच्या दारात येऊन यांना म्हणाला, "चुकून लिहिलं असशील रे. आठवून बघ." आणि हे म्हणाले, "माझी नोंद चुकत नाही."

लंबूची बढती गेली, लांब कुठंतरी बदली झाली. ते वाक्य ऐकल्यापासून त्यानं आमचा उंबरा ओलांडला नाही.

आता यांच्या ठाण्यातल्या घड्याळाची गंमत सांगते. तिथल्या जुन्या साहेबानं ते मुद्दाम पंधरा मिनिटं पुढे लावून ठेवलेलं असायचं, माणसं वेळेवर यावीत म्हणून. सगळ्यांना ठाऊक होतं. नोंद लिहिणारा मनातल्या मनात पंधरा वजा करायचा आणि लिहायचा. हे मनगटी घड्याळ घालत नाहीत, घाम येतो म्हणे. म्हणजे काय झालं, कळलं का? हे जेवायला गेले असताना घड्याळवाला आला आणि त्यानं घड्याळ बरोबर लावलं. लंबू आला तेव्हा घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि खरी वेळही तीच होती. यांनी सवयीनं पंधरा वजा केली. दुसऱ्या दिवशी साहेबानं काटा परत पुढे केला असणार. त्यामुळे कुणाला कळलंच नाही.

"मी त्याला बुडवला," हे म्हणाले. टीव्हीवर ती बाई एकटीच बोलत होती.

मला रडू आलं आणि संतापही आला. "सत्तावीस वर्षं छाती फुगवून सांगत होतात, नोंद चुकत नाही! उठा. उद्या सकाळी जायचं."

"तो दारात उभं करणार नाही."

"नाही केलं तर पायरीवर बसू. पण जायचं."

लंबू निवृत्त होऊन मुलीकडे राहतो, हे मला माझ्या एका गिऱ्हाइकाकडून ठाऊक होतं. तीन तासांचा बसचा प्रवास. यांनी दुकानातून नवी वही घेतली आणि मांडीवर ठेवून वाटभर तिच्यात काहीतरी लिहीत होते. मी डोकावले तर पान झाकलं.

दार मुलीनं उघडलं. क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "काकू? निळा फ्रॉक, खिशावर बदक!" माझ्या गळ्यातच पडली. तिच्यामागे लंबू उभा होता, खांदे खाली आलेले, पण अजून दाराच्या चौकटीएवढा. त्यानं यांच्याकडे बघितलं. आत गेला आणि खुर्चीत बसला. हाकललं नाही, हेच खूप होतं.

मग आमच्या या शूर पुरुषानं काय करावं? मालिकेची गोष्ट सांगायला घेतली! बाई पायरीवरून कशी घसरली, साहेब कसा घोगरा बोलतो, अगदी आवाज काढून. दहा मिनिटं झाली. लंबू भिंतीकडे बघतोय, मुलगी माझ्याकडे बघतेय. शेवटी मी यांना असा चिमटा काढला की हे एकदम चौदाव्या भागावर आले. स्टूल. तेलाचा कागद. घड्याळवाला. वजा केलेली पंधरा मिनिटं.

"तू बरोबर होतास," हे म्हणाले. "चूक माझी होती."

लंबूनं भिंतीवरची नजर यांच्याकडे वळवली. मग म्हणाला, "मी आत आलो तेव्हा माझं हातातलं घड्याळ आणि भिंतीवरचं, दोन्ही एकच वेळ दाखवत होती. चौकशीत ते आठवलं. मला वाटलं, भिंतीवरचं तर पंधरा मिनिटं पुढे असतं, म्हणजे माझंच बिघडलंय. म्हणजे मीच लवकर निघालो. पुढं मी भांडलोच नाही रे. तुझ्यावर रागावलो होतो, पण दोष माझाच धरून चाललो."

"म्हणून बाबा घड्याळ घालत नाहीत," मुलगी हळूच म्हणाली. "गाडी दहाची असली की आठला जाऊन बसतात. तीन-तीन माणसांना वेळ विचारतात. आम्ही हसायचो त्यांना."

यांना ते ऐकवेना. मान खाली घालून यांनी वही उघडली. पानावर जुन्या ठाण्यातल्यासारखे रकाने आखले होते, बसमध्ये आखल्यामुळे रेघा वाकड्या. आणि त्यात ती नोंद, शब्दन् शब्द: तीन पन्नासला ठाण्यात परत. नोंदवहीचा एक नियम असतो, तो मला लग्नापासून पाठ आहे. चुकलेलं खोडरबरानं पुसायचं नाही, गिरगटायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, चूक खालून वाचता आली पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं, आणि शेजारी सही आणि दुरुस्तीची वेळ.

यांनी तीन पन्नासवर रेघ मारली. वर लिहिलं, चार वाजून पाच मिनिटं. अक्षर अगदी सुरेख. खाली सही केली. लंबू खुर्चीतून पुढे वाकून बघत होता.

"वेळ घाल," तो म्हणाला. "दुरुस्तीची वेळ घातल्याशिवाय नोंद पुरी होत नाही."

यांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला वीस कमी होती. पेन कागदावर टेकलं, आणि थांबलं.

"लंबू," यांनी विचारलं, "हे घड्याळ बरोबर आहे का रे?"

लंबूनं सवयीनं मुलीकडे पाहिलं. ती काहीतरी सांगणार होती, मी तिचा हात दाबला. त्यानं परत भिंतीकडे पाहिलं, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मी सांगतो ना. लिही."

आणि यांनी एकही मिनिट वजा न करता लिहिलं.