शेवटी थंड होऊ द्या

मला स्वयंपाक येत नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण ब्राझीलमधल्या आमच्या रेसिफे शहरातल्या निम्म्या बायकांचा समज उलटा आहे. मी कादंबऱ्या लिहिते. तीन झाल्या, आणि तिन्ही बहुतेक माझ्या आत्या-मावश्यांनीच विकत घेतल्या असाव्यात. पोटासाठी वर्तमानपत्रात बातम्या लिहिते, आणि लष्कराचं सरकार आल्यापासून केकच्या कृतीही लिहिते.

त्याचं असं आहे. रोज दुपारी आमच्या कचेरीत डॉक्टर आन्सेल्मो येतात. हे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत, वकील आहेत. पण आमच्याकडे कोट घातलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात, जसं कुठल्याही बाईला मानानं दोना म्हणतात. सरकारनं त्यांना आमच्या बातम्या आधी वाचायला बसवलंय. जी छापायची नाही ती ते लाल पेन्सिलीनं, अगदी हळुवार हातानं खोडतात. जागा कोरी सोडायलाही बंदी आहे, म्हणून तिथं आम्ही केक टाकतो. मी मुद्दाम भलतंसलतं लिहायची, किलोभर मीठ, वाटीभर व्हिनेगर, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की इथं दुसरं काहीतरी होतं. आणि कळायचंही. फक्त डॉक्टरांच्या बायकोला कळायचं नाही.

"दोना लिंदाउरा, तुमचा तो नारळाचा केक घरी केला हो," डॉक्टर एकदा खालच्या आवाजात म्हणाले. "कुत्र्यानंसुद्धा तोंड लावलं नाही."

"मुरू द्या की जरा. कुत्र्यांना मुरलेला आवडतो."

"तुझ्या जिभेपायी आपण सगळे एक दिवस आत जाणार," आमचे संपादक तेओबाल्दो मागून पुटपुटले. मी हसले. तेव्हा मला हसू यायचं.

मग एके सकाळी दोना झुल्मिरा आली. काझा आमारेलाच्या टेकडीवर राहणारी, शिवणकाम करणारी बाई, ब्लाउजच्या कॉलरला टाचण्या तशाच अडकलेल्या. तिची मुलगी मार्लुसिया नर्सिंग शिकत होती. बसची वाट बघत उभी असताना तिला बिननंबरच्या गाडीत घालून नेलं, आणि आता प्रत्येक ठाण्यात सांगत होते की या नावाची कुणी मुलगी इथं आलेलीच नाही.

"एकदा नाव छापून आलं की जपतात म्हणे," ती म्हणाली. "ज्याचं नाव कुठंच नाही, त्याचं काहीही करता येतं. तेवढं नाव टाका, बाई."

"पण माझ्याकडेच का आलात? आमच्याकडे माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत."

"तुमची गोष्ट वाचली होती. त्यातली मुलगी शेवटी घरी येते ना, म्हणून."

माझ्या दुसऱ्या कादंबरीचा तो शेवट. एका टीकाकारानं त्याला 'लेखिकेचा भित्रेपणा' म्हटलं होतं, आणि मी महिनाभर त्याच्या नावानं बोटं मोडत होते. दोना झुल्मिराला मी शब्द दिला.

बातमी लिहिली, सहा ओळींची. मार्लुसिया, पिवळा फ्रॉक, बसचा थांबा. कागद हातात घेऊन डॉक्टरांच्या टेबलाकडे निघाले, आणि वाटेत आमच्या बातमीदार जोनासचं रिकामं टेबल लागलं. जोनासला आधीच्या आठवड्यात 'दोन प्रश्न विचारायला' नेलं होतं, आणि त्याचा चष्मा अजून टाइपरायटरवर तसाच पडलेला होता. मी तिथूनच वळले, संडासात जाऊन कागद फाडला आणि पाण्याबरोबर सोडून दिला. मग जागेवर बसून त्या सहा ओळींच्या जागी घाईघाईनं मक्याच्या केकची कृती लिहिली. साखर, लोणी, दूध. ओल्या फडक्यानं झाकून अंधारात ठेवा. मधेमधे बघायला जाऊ नका. शेवटी थंड होऊ द्या. पीठ लिहायचं राहिलंच; ती चूक मुद्दाम केली नव्हती.

डॉक्टरांनी पान उलटून पाहिलं. "मी काही खोडलंच नाही, आणि केक आधीच तयार?"

"म्हटलं, तुमचा त्रास वाचवावा."

ते माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले. ते कौतुक अजून अंगावरून जात नाही.

पेपर निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दोना झुल्मिरा परत आली. मी टेबलाखाली लपायचं तेवढं बाकी होतं. पण तिनं माझे दोन्ही हात धरले, आणि रुमालात बांधलेला एक केकचा तुकडा माझ्यासमोर ठेवला. पिवळाधमक आणि छान फुगलेला.

"छापलंत तुम्ही. आली ती."

"कोण आली?"

"मार्लुसिया. काल पहाटे बघते तर चुलीपाशी उभी. हा तिनंच केलाय."

"यात पीठ कुठलं घातलं?"

"पीठ कशाला? तुम्ही कुठं लिहिलं होतं?"

दुःखानं बाईचं डोकं फिरलंय, असं मी स्वतःला सांगितलं. कादंबरी लिहिणाऱ्या बाईला अशी सोयीची वाक्यं पटकन सुचतात. पण तिच्याबरोबर बसनं टेकडीवर गेले, कारण न जाणं आणखी कठीण होतं. दुपारचं रणरणतं ऊन, शेजारच्या घरात रेडिओ चाललेला, अंगणात कोंबड्या. स्वयंपाकघर लखलखीत होतं. मागच्या कोठीला दाराऐवजी पडदा होता आणि पडद्याच्या खालून पाण्याचा बारीक ओघळ फरशीवर आला होता.

दोना झुल्मिरानं कॉफी ओतली आणि हळूच सांगितलं, "दिवसभर आतच असते. अंगावर ओलं फडकं घेऊन. बोलत नाही, जेवत नाही. तुम्ही लिहिलंय तेवढंच करते."

मी उठले.

"नको, बाई. बघायला जाऊ नका म्हणून तुम्हीच लिहिलंय की."

मी पडद्याला हात लावला नाही. खाली वाकलेसुद्धा नाही. बशी टेबलावर ठेवताना नजर आपोआप खाली गेली तेवढंच. पडद्याखाली दोन अनवाणी पावलं होती, एकमेकींना चिकटवून ठेवलेली, शाळेत शिक्षा म्हणून उभ्या केलेल्या पोरीची असतात तशी. वरून बोटांवर थेंब पडत होते आणि बोटं हलत नव्हती.

"ते शेवटचं तेवढं मला कळलं नाही," दोना झुल्मिरा म्हणाली. शिवणाचं माप विचारावं इतका साधा आवाज होता तिचा. "थंड होऊ द्या, म्हणजे कुठपर्यंत? हात गार पडत चाललेत तिचे. पुढं काय करायचं ते तुम्ही लिहिलंच नाहीत."

"लिहिते," मी म्हटलं. "नाव घालून, सगळं खरं लिहिते."

"लवकर लिहा हं."

बसमध्ये मांडीवर तो रुमाल होता. सकाळी बांधलेला तुकडा एव्हाना उन्हानं तापला असेल, अशी समजूत घालून मी त्यात बोट खुपसलं. वरून तो गार होता. मधोमध मात्र गरम होता, आजारी मुलाच्या कपाळासारखा.

तो तुकडा मी कचेरीतल्या माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशीही मधे ऊब होती, आणि मी ठरवलं, आज लिहायचं. पण त्या दिवशी डॉक्टरांबरोबर आणखी एक कोट आला होता, म्हणून म्हटलं, उद्या. उद्या तेओबाल्दोंचा वाढदिवस निघाला. त्यानंतर टाइपरायटरची फीत फाटली. ती मीच फाडली, पण फाटली हे खरं. रोज ड्रॉवर उघडायचे, बोट लावायचे, ऊब आहे म्हणजे अजून वेळ आहे असं म्हणायचे आणि ड्रॉवर लावायचे. भित्र्या माणसाला धीर द्यायला एवढीशी ऊब पुरते, हे मला तेव्हा कळलं. ऊब रोज थोडी आत सरकत होती.

शेवटी एका दुपारी बोट पार तळापर्यंत घालावं लागलं, तेव्हा कुठं कोमट लागलं. मी टाइपरायटर ओढला आणि त्याच सहा ओळी लिहिल्या. मार्लुसिया, पिवळा फ्रॉक, बसचा थांबा. जोनासच्या चष्म्याकडे न बघता चालत गेले आणि कागद डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी सावकाश वाचलं. खिशातून छोटी वही काढली, पानं उलटली, आधीच खोडलेल्या एका नावावर बोट टेकवलं. मग लाल पेन्सिल उचलली. आत्ता खोडतील, आणि मी भांडेन, म्हणून मी तोंड उघडलं.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"छापा," ते म्हणाले, नेहमीच्याच मायेनं. "आता हरकत नाही."

मी जागेवर येऊन बसले. ड्रॉवर उघडला, रुमाल बाजूला केला आणि त्या तुकड्यावर पंजा ठेवला. उचलला नाही. तेओबाल्दोंनी दोनदा हाक मारली तरी तसाच ठेवून बसले. बऱ्याच वेळानं खालून ऊब लागायला लागली. ती माझ्याच हाताची होती.