पक्षी न आलेला दिवस

सबस्टेशनातली चार नंबरची लाइन रोज सकाळी अकराला ट्रिप होऊन बंद पडायची आणि ऑपरेटर नाना रजिस्टरात कारणाच्या रकान्यात रोज लिहायचे, ‘पक्षी’. खरं कारण शोधायचं म्हणजे भर उन्हात एकेक खांब तपासत फिरायचं. निवृत्तीला आठ महिने उरलेल्या माणसाने ही उठाठेव का करावी? पुढे पुढे तर नाना नऊच्या चहाबरोबरच अकराची नोंद उरकून टाकू लागले. लाइन बिचारी दिलेली वेळ पाळायची, नाना स्विच पुन्हा टाकायचे आणि झोकात खुर्चीत बसायचे.

मग स्विचला नवं कंट्रोल यंत्र बसलं. करंट मर्यादेबाहेर गेला की ते लाइन तोडायचं आणि तारीख, वेळ, आकडा सगळं नोंदवून ठेवायचं. महिन्याने इंजिनिअर मॅडम तपासणीला आल्या. वयाने नानांच्या धाकट्या लेकीएवढ्या, पण त्यांनी यंत्रातली यादी रजिस्टरशेजारी मांडली आणि नाना खुर्चीतून उठून उभे राहिले. खोट्या नोंदीवरून चौकशी लागली असती तर पेन्शनचे कागद वर्षानुवर्षं लटकले असते.

“नाना, बारा तारखेला यंत्रात काहीच नाही. तुमच्याकडे मात्र पक्षी आलाय.”

“ते... चुकून.”

“अकराला होतात कुठे?”

“अर्धी रजा होती. लग्नाला गेलो होतो. घरचंच हो, मेव्हण्याच्या मुलीचं.”

“मेव्हणे काय करतात?”

“बर्फाचा कारखाना आहे त्याचा, चार नंबरच्या लाइनीवर...”

“लग्नाला कारखाना बंद होता?”

नानांनी मान डोलावली. मेव्हणा रोज अकराला सगळ्या मोटारी एकदम सुरू करतो आणि करंट मर्यादेबाहेर जातो, हे आता आकडेच सांगत होते.

मॅडमना हसू आवरेना. “तुमच्या थापेमुळेच हा दिवस माझ्या डोळ्यांत भरला. चौकशी लावत नाही. पण खरं कारण तुमच्या हाताने लिहायचं, आणि मेव्हण्याला नोटीसही तुम्हीच नेऊन द्यायची.”

नानांच्या डोळ्यांसमोर बायको उभी राहिली. भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण. त्यांनी पेन उचललं. हाताने सवयीने ‘प’ काढला. तो खोडून, एक सुस्कारा सोडून त्यांनी लिहिलं, ‘मेव्हणा’.

मॅडमनी खाली सही केली. “आणि नोटीस?”

“उद्या नेतो, मॅडम,” नाना काकुळतीने म्हणाले. “आजचं जेवण तरी घरी होऊ द्या.”