ट्रान्सफॉर्मरचं तेल

ट्रान्सफॉर्मर जळाला त्याला आठ दिवस झाले होते, आणि तो इलियास वायरमननंच जाळला, असं कृष्णाकाठच्या त्या वाडीनं ठरवून टाकलं होतं. चौऱ्याहत्तरचा वैशाख, मोटारी बंद, ऊस करपायला लागलेला. खापर फोडायला कुणाचं तरी डोकं लागतंच, आणि इलियास आयता सापडला. त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. एक अर्ज वर गेला की तो घरी.

पलटणीतून नाईक होऊन आलेला सयाजी ट्रान्सफॉर्मरच्या खांबाखाली बसून तोच अर्ज लिहीत होता.

"अकरा हजार व्होल्ट येत्यात, आमास्नी चारशे चाळीस देतोस. मधलं साडेधा हजार कुनाच्या घशात घातलंस?"

इलियासला असा संताप आला की पकड फेकून मारावी. तो गिळून त्यानं सांगितलं, "कोयनेवरनं वीज हितवर आनायची तर दाब लय लागतो, न्हाईतर निम्मी तारा तापवन्यातच जाती. त्यो दाब तुमच्या मोटरीला सोसत न्हाई. म्हनून ह्यो डबा. आत तारंची दोन वेटोळी, एकमेकीला न शिवनारी. एकीत दाब जास्त, दुसरीत कमी. दाब उतरला की करंट वाढतो. कुनी काय खात न्हाई."

"मग जळला कशानं?"

इलियासनं खांबावर चढून डब्याच्या तळाचा नळ सोडला. थेंब पडला नाही. तो खाली उतरला.

"तेलानं वेटोळी गार ऱ्हात्यात. तेल न्हाई म्हनून आतल्या आत पेटलं. कुनी काढलं, इचारा एकमेकाला."

कोण कुणाला विचारणार? गुडघेदुखीवर त्या तेलासारखा उतारा नाही, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रोज सकाळी घराघरांत तेच चोळलं जात होतं.

"अंगठं लावा," सयाजी म्हणाला.

एकेक जण पुढे आला. शेवटी सयाजीची आई रंगूबाई लंगडत आली, अंगठा उठवला आणि म्हणाली, "ह्येबी लिव. पैली बाटली ह्यानंच दिल्ती मला."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी तेल बदलताना काढलेलं जुनं तेल इलियासनं म्हातारीची दया येऊन दिलं होतं. 'लावून बघा, आजी,' असंही तोच म्हणाला होता. केलेल्या उपकाराची अशी फेड झाली.

सयाजीनं ती ओळ खुशीत लिहिली आणि कागद इलियासच्या नाकासमोर नाचवला. इलियासनं तो धरला. आपली नोकरी गेली, हे त्याला कळून चुकलं. पण प्रत्येक अंगठ्याच्या शाईभोवती तेलाचा डाग पसरत होता, आणि वासही त्याच तेलाचा येत होता.

"नीट घडी घाल," तो म्हणाला. "सायबाच्या हातात दे. तेल कुटं गेलं ते समद्यांनी अंगठं लावून सांगितलंय. मी घरी जातो. पन तुमाला नवा डबा कोन देतंय, त्येबी बघतो."

सयाजीनं कागद उन्हात धरला. सगळ्यांत मोठा डाग त्याच्या आईचा होता.